डफावरची थाप आणि एक पहाडी आवाज

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी दुधनी स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते. दुधनीच्या बाजारात तुरीचा भाव मराठीत विचारला आणि उत्तर कानडीत आले, तर इथे कोणाला नवल वाटत नाही. १९५६ ते १९६० या काळात ही सीमा कुठून जावी यावरून अवघा महाराष्ट्र पेटून उठला होता. त्या लढ्याला ज्याने आवाज दिला, तो शाहीर याच सोलापूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, बार्शीचा. त्याचे नाव अमर शेख.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुसलमान घरात ते जन्मले. मूळ नाव महबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्या तोंडची गाणी ऐकतच मूल वाढले. शाळा फार लाभली नाही. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, मग गिरणीत कामगार झाले. गिरणीतल्या संपात पुढाकार घेतला आणि विसापूरच्या तुरुंगाची हवा खावी लागली. तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली आणि आयुष्याची दिशा ठरली.

सुटल्यावर काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्यांनी काम केले. रूप होते, आवाज तर होताच. सिनेमात स्थिरावले असते तर चार पैसे गाठीला लागले असते. पण त्यांची ओढ पडद्यापेक्षा मैदानाकडे होती. महबूबचा अमर शेख झाला आणि हातात डफ आला.

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघेही कष्टकऱ्यांचे शाहीर. अण्णा भाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी ते गाऊन घराघरांत न्यावे, अशी ही जोडी जमली. गिरणगावच्या चाळीत, शेतकऱ्यांच्या परिषदेत, जिथे माणसे जमतील तिथे त्यांचा फड. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तरी गाणे काही थांबले नाही.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांनी गावोगाव गायली. मुंबईत पोटासाठी आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची मैना यांच्या ताटातुटीत महाराष्ट्राची ताटातूट दिसू लागली. पुढाऱ्यांच्या भाषणाआधी अमर शेखांचा आवाज चढला की लाखांची सभा एका माणसासारखी उभी राही. या लढ्यात १०६ माणसे हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, पण बेळगाव, कारवार, निपाणी पलीकडेच राहिले. शाहिराचे गाणे निम्मे जिंकले, निम्मे हरले.

गोव्याच्या मुक्तीसाठीही ते गायले. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा त्यांनी गावोगाव कार्यक्रम करून संरक्षण निधीसाठी पैसा उभा केला. चीनकडे कसे पाहावे यावरून तेव्हा कम्युनिस्टांतच दोन तट पडले होते. अमर शेखांनी मात्र डफ देशासाठी वाजवला.

ते नुसते गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केल्या. पण पैसा मात्र हाती टिकला नाही. सभा लोकांसाठी, गाणे लोकांसाठी, मग घरासाठी काय उरणार?

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघे ५२. पुढे कवयित्री म्हणून नाव मिळवणारी त्यांची मुलगी मलिका तेव्हा लहान होती. योगायोग असा, की त्याच वर्षी जुलैत अण्णा भाऊही गेले होते. लिहिणारा आणि गाणारा असे दोघे दीड महिन्याच्या आत हरपले.

शाहिराचे गाणे सभेबरोबर उठते आणि सभेबरोबर विरते. जुन्या ध्वनिमुद्रणांत तो आवाज थोडाफार ऐकू येतो, समोरची गर्दी मात्र ऐकू येत नाही. म्हणूनच शाळेतल्या मुलांना १ मेची सुट्टी कशासाठी हे सांगताना बार्शीच्या त्या गिरणी कामगाराचे नावही सांगावे. नकाशावरची रेघ पुढाऱ्यांनी आखली. ती आखायला त्यांना भाग पाडले ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी, आणि त्या माणसांना उभे केले होते अमर शेखांच्या डफाने.