राजर्षी शाहू महाराज आणि आरक्षणाचा इन्साफ

प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्या मोहल्ल्यात एक वाद हमखास निघतो. कुणाच्या मुलाला चांगले मार्क असूनही मनासारखं कॉलेज मिळालेलं नसतं. शेजारच्या मुलीला ओबीसीच्या दाखल्यावर मिळालेलं असतं. मग विचारलं जातं, सर, हा इन्साफ आहे का? आम्हा शिक्षकांकडे हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर शोधायला आम्ही कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांकडे जातो, कारण आपल्या देशातल्या आरक्षणाची सुरुवात त्यांच्याच हुकमाने झाली असं मानलं जातं.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातलं हे मूल, नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोटला शिकले, पुढे धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिकले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला तेव्हा वय अवघं १९ वर्षांचं.

कारभार पाहायला बसले तर कचेऱ्यांत काय दिसलं? अधिकाऱ्यांच्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे, म्हणजे ब्राह्मणांकडे होत्या. ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर फक्त १० होते. कर भरणारे शेतकरी, कारागीर, मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत, महार, मांग. आणि अर्ज लिहून घेणारा, निकाल देणारा मात्र यांच्यातला कुणी नाही.

१८९९ मध्ये पंचगंगेच्या काठी कार्तिक स्नानाच्या वेळी महाराजांच्या लक्षात आणून दिलं गेलं की त्यांच्यासाठी भटजी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतात. कारण काय, तर राजा असला तरी तो शूद्र. गादीवर बसलेल्या माणसालाही जन्मावरून जागा दाखवली जात असेल, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल, हे महाराजांना त्या प्रकरणातून चांगलंच उमगलं.

पण रागाच्या भरात त्यांनी काही केलं नाही. आधी मुलांच्या राहण्या-खाण्याची सोय पाहिली. खेड्यातला मुलगा हुशार असला तरी कोल्हापुरात राहणार कुठे, जेवणार काय? १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं. मुसलमानांमध्ये तालीमची हालत फार कमजोर होती, म्हणून महाराजांनी काही मुस्लिम मुलांची सोय आधी मराठा बोर्डिंगमध्येच करून दिली. मग १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, अध्यक्ष खुद्द महाराज झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग हे त्याचंच फळ. त्यापाठोपाठ लिंगायत मुलांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं.

मधल्या काळात १९०२ साल आलं. बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते आणि तिथे असतानाच २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असेच पुढारलेले लोक सोडून बाकी सगळे. म्हणजे आपणही त्यात होतो. ज्या कचेरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक याच वर्गातून करायची आणि खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी तसा तक्ता पाठवायचा. हुकमामागचा विचारही साधा होता. शिकून पुढे काही मिळतं हे दिसलं नाही तर गरीब बाप मुलाला शेतातून काढून शाळेत कशाला घालेल?

टीका झालीच. लायकीला किंमत राहणार नाही, असं म्हटलं गेलं. याबाबत कोल्हापुरात एक किस्सा आजही सांगतात. सांगलीच्या एका वकिलांनी महाराजांपुढे हीच हरकत घेतली, तेव्हा महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तिथे प्रत्येक घोडा आपापल्या तोबऱ्यातले चणे खात होता. महाराजांनी सगळे चणे एकाच जाजमावर ओतायला लावले आणि घोडे मोकळे सोडले. धट्टेकट्टे घोडे पुढे घुसले आणि खाऊन मोकळे झाले. म्हातारे, आजारी घोडे आणि शिंगरं मागेच उभी राहिली. वकील काय समजायचं ते समजले.

आम्हाला या किस्स्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. धट्ट्या घोड्यांचे तोबरे महाराजांनी काढून घेतले नव्हते. ५० टक्के जागा सर्वांना खुल्या होत्या. त्यांचे दिवाण रघुनाथराव सबनीस हे स्वतः कायस्थ प्रभू, म्हणजे सवलतीच्या बाहेरच्या जातीतले, तरी वर्षानुवर्षे दिवाणपदी राहिले. १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या ९५ जागांत ब्राह्मण ३५ होते. कचेऱ्या बंद पडल्या नाहीत, लायकीही बुडाली नाही. फक्त दार थोडं रुंद झालं.

नोकरीवरच महाराज थांबले नाहीत. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवायला लावलं. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन स्वतः चहा घेतला. १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, वय ४७. पुढे बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये मागासवर्गांसाठी जागा राखण्याची तरतूद आली.

आता आजची गोष्ट. महाराजांच्या हुकमातले ५० टक्के ही मागासांसाठी किमान हद्द होती. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलेले ५० टक्के ही कमाल हद्द आहे. आकडा तोच, अर्थ उलटा. २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला. हायकोर्टाने नोकरीतला भाग रोखला, शिक्षणातला राहू दिला, तरी पुढे कायदा न झाल्याने तोही गेला. ही मागणी आपण कायदेशीर मार्गाने लावून धरलीच पाहिजे.

पण पागेची कसोटी आपल्यालाही लागू होते. मोमीन, पिंजारी, बागवान अशा कितीतरी बिरादऱ्यांना ओबीसीची सवलत आजही आहे. ती कोण घेतं? ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत तोच दाखला काढायला पहिला पोहोचत असेल आणि हातगाडीवाल्याच्या मुलीला जातीचा पुरावा कुठून आणायचा हेच माहीत नसेल, तर जाजमावर पुन्हा तेच धट्टे घोडे आले.

म्हणून त्या वादाला आमचं उत्तर असं. सुरुवातच मागून झालेल्या मुलाला आरक्षण पुढे आणत असेल तर तो इन्साफच आहे. मात्र महाराजांनी जागा राखल्या तशी बोर्डिंगंही बांधली. सरकारकडून जागा मागताना निदान आपल्या मोहल्ल्यात दाखल्याचे कागद जमवून देणारं एक टेबल, अभ्यासाला एक शांत खोली आणि दहावीनंतर मुलीचं शिक्षण थांबू न देणारे चार वडीलधारे, एवढं तरी आपणच उभं करायला हवं. त्यासाठी कोणत्याही कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.