नटवर्य शाहू मोडक

कृष्णाच्या वेषात अवघ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे झालेले नट शाहू मोडक हे आपल्याच नगरचे. ता. २५ एप्रिल १९१८ रोजी येथील एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ बोलपटात ते प्रथम कृष्ण झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे १४ वर्षांचे होते. त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करताच नटास स्वतः गावे लागे. संमेलनातील एका टाळीवर नट होण्याची उमेद धरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. मोडकांपाशी रूप होते, तसा गळाही होता. बोलपट मुंबईत एकाच चित्रगृहात २५ आठवडे चालला.

परंतु या यशानेच पेच निर्माण केला. ज्याच्या ठायी प्रेक्षकांस एकदा देव दिसला, त्याला दुसऱ्या वेषात पाहण्यास ते सहसा राजी नसतात. आणि निर्माते प्रेक्षकांच्या मागे जातात. त्यात नटाचे पोट भरते, पण कला अडून राहते. १९३९ साली ‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्ये शांतारामांनी त्यांस साधा पोलीस शिपाई केले, मैना या वेश्येला पत्नी म्हणून घरी आणू पाहणारा गणपत. ना मुकुट, ना मुरली! आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम काम हेच. पुढच्याच वर्षी हा ख्रिस्ती तरुण ‘संत ज्ञानेश्वर’ झाला आणि भाविकांनी त्याचे ते रूप मनोभावे स्वीकारले.

पुढे मात्र कृष्णाने त्यांस सोडले नाही. ही एकच भूमिका त्यांनी २९ चित्रपटांत केली, असे सांगतात. ता. ११ मे १९९३ रोजी ते निवर्तले.