घोड्यांचा डॉक्टर आणि हवेचं चाक

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी निबंध मी शाळेत कधी मनापासून लिहिलाच नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात ही संपादक मंडळाला आणि वाचकांना विनंती. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं, कारण ज्या प्रसंगातून तो सुचला तो आमच्या घरात मराठीतच घडला. आणि त्यात मी जी बोलणी खाल्ली तीही अस्सल मराठीतच होती!

झालं असं, की मागच्या दिवाळीत बाबांच्या गाडीला नवीन अलॉय व्हील्स घ्यायची ठरली. मी मेकॅनिकलची थर्ड इयरची विद्यार्थिनी. साहजिकच घरात सगळ्यांनी मान माझ्याकडे वळवली. मूळ गाडीला 14 इंची लोखंडी रिम आणि 165/80 R14 टायर. मी दुकानात जाऊन भिंतीवर टांगलेल्या रिम्सपैकी सर्वात देखणी निवडली. 15 इंची, 7 इंच रुंद. टायर घेतले 205/65 R15. गाडी एकदम रुबाबदार दिसू लागली, कॉलनीतल्या पोरांनी फोटोसुद्धा काढले. आठ दिवसांनी आईबाबा, काका-काकू आणि आजी लग्नासाठी घाटातून निघाले. पाच माणसं, डिकीत सामान. प्रत्येक वळणावर मडगार्डच्या आतून खर्रर्र असा आवाज. बाबांनी गाडी थांबवून पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरच्या कडा घासून सोललेल्या, एका ठिकाणी आतले धागे दिसायला लागलेले. नशीब चांगलं म्हणून टायर फुटला नाही. आजी त्या गाडीत होती हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

बाबा मला रागावले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, की निवडताना नक्की काय मोजलं होतंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीच मोजलं नव्हतं.

त्यानंतर लायब्ररीत बसून मी चाकं आणि टायर यांवर जे मिळेल ते वाचत सुटले, आणि त्यात मला भेटला जॉन बॉयड डनलॉप. आपल्याकडे डनलॉप म्हणजे गादी, डनलॉप म्हणजे टायरची कंपनी. पण हा खराखुरा माणूस होता, आणि इंजिनिअर तर अजिबात नव्हता. तो होता चक्क जनावरांचा डॉक्टर!

डनलॉपचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलो, म्हणून आपली प्रकृती नाजूक, असा समज त्याने जन्मभर जपला. गंमत म्हणजे तो 81 वर्षं जगला आणि शेवटच्या आजारापर्यंत त्याला मोठं दुखणं कधी झालंच नाही. त्याने एडिंबरा इथे पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि एकोणिसाव्या वर्षी तो पास होऊन बाहेर पडला. (आपण त्या वयात सेकंड इयरची सबमिशन्स कॉपी करत असतो. असो.) 1867 मध्ये तो आयर्लंडला गेला. डाउनपॅट्रिक इथे भावाबरोबर दवाखाना काढला आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर चांगला जम बसवला. 1871 मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी त्याचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलाचं नाव जॉनी.

हा जॉनीच आपल्या गोष्टीचा खरा हिरो. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती, तिला भरीव रबरी टायर होते. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. त्यावरून ती सायकल अशी काही खडखडायची की पोराची हाडं खिळखिळी व्हावीत. बापाने 1887 च्या ऑक्टोबरमध्ये यावर उपाय करायला घेतला. पातळ रबराची नळी केली, ती एका लाकडी चकतीच्या कडेभोवती बसवली, वरून कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

इथे मला डनलॉप फार आवडला. चाक तयार झालं म्हणून त्याने टाळ्या पिटल्या नाहीत. त्याने तुलना केली. सायकलचं जुनं चाक आणि आपली हवा भरलेली चकती, दोन्ही अंगणात ढकलून दिली. जुनं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक मात्र शेवटपर्यंत गेलं आणि फाटकाच्या खांबावर आपटून उलटं फिरलं. दोन नमुने, एक प्रयोग, डोळ्यांसमोर निकाल. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण हेच लिहितो, पण करतो किती जण?

मग त्याने जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसवले, आणि पुढे मोठ्या सायकलींना. 1888 च्या डिसेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. लोक मात्र त्या जाडजूड टायरला हसत होते. हसू थांबलं 18 मे 1889 रोजी. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलच्या शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा सायकलपटू डनलॉपचे टायर लावून उतरला आणि त्याने चारच्या चारही शर्यती मारल्या. त्या काळी हरलेल्यांमध्ये हार्वे डू क्रॉस या डब्लिनच्या व्यावसायिकाची मुलं होती. डू क्रॉसने मुलांच्या हरण्याचं दुःख करत न बसता टायरच विकत घ्यायचं ठरवलं आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. डनलॉपने आपले हक्क कंपनीला दिले.

इथपर्यंत सगळं सिनेमासारखं. इंटरव्हलनंतर मात्र झटका बसतो. पेटंट मिळून दोन वर्षंही झाली नसतील तोच कळलं, की ते बाद आहे. कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्याच स्कॉटिश माणसाने 1845 मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाड्यांवर ती चाकं लोकांना दाखवलीही होती. पण त्या वेळी सायकली नव्हत्या, चांगलं पातळ रबर महाग होतं, गुडइयरने रबर पक्कं करायची रीत पेटंट केली त्याला फार काळ झाला नव्हता. थॉमसनची कल्पना काळाच्या आधी आली आणि विसरली गेली. तो 1873 मध्ये वारला. डनलॉपला त्याच्या कामाची कल्पनाच नव्हती, त्याने सगळं स्वतंत्रपणे केलं होतं. पण कायद्याला त्याचं काय?

मग कंपनी वाचली कशी? या प्रश्नाच्या उत्तरात मला माझी स्वतःची चूक सापडली. डनलॉपच्या पहिल्या टायरचा मोठा दोष असा होता, की तो रिमला कॅनव्हास गुंडाळून चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढायचं आणि पुन्हा चिकटवायचं. 1890 मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडेत तार घालून ती खास आकाराच्या रिममध्ये बसवायची युक्ती काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेटने जाड गोठ असलेल्या कडेची दुसरी पद्धत काढली. कंपनीने हे दोन्ही हक्क विकत घेतले आणि त्यांच्या जोरावर ती टिकली. म्हणजे बघा, हवा भरायची कल्पना कितीही थोर असली तरी टायर आणि रिम यांचं लग्न नीट जुळल्याशिवाय संसार चालत नाही. मी त्या लग्नात पत्रिकाच पाहिली नव्हती, नुसता मुखडा पाहिला!

तर आता पत्रिका कशी पाहायची ते सांगते.

आधी टायर. 165/80 R14 म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के म्हणजे 132 मिलिमीटर, R म्हणजे रेडियल आणि रिमचा व्यास 14 इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर. पूर्ण चाकाचा व्यास 355.6 अधिक दोनदा 132, म्हणजे 619.6. मी घेतलेल्या 205/65 R15 चा व्यास येतो 647.5. म्हणजे साडेचार टक्के मोठा. स्पीडोमीटर 80 दाखवायचा तेव्हा गाडी खरं तर 83 च्या पुढे धावत होती. मोठं चाक मडगार्डच्या जवळ गेलं ते वेगळंच.

आता ऑफसेट. रिमवर ET आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. हा जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. रिमच्या रुंदीच्या मधोमध एक रेषा धरा. हबला टेकणारा चाकाचा भाग या रेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, तो ऑफसेट. तो भाग बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट पॉझिटिव्ह आणि चाक गाडीच्या पोटात शिरतं. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं.

आमची मूळ रिम 5 इंच रुंद, ET45. मी निवडलेली 7 इंच, ET25. रुंदी 2 इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला 1 इंच, 25.4 मिलिमीटर. ऑफसेट 20 ने कमी झाला, म्हणजे चाक आणखी 20 मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड एकूण 45.4 मिलिमीटर बाहेर आली! आतल्या बाजूने रिम फक्त 5.4 मिलिमीटर सरकली, म्हणून दुकानात जॅकवर फिरवून पाहिली तेव्हा सस्पेन्शनला कुठे लागली नाही आणि मला सगळं ठीक वाटलं. पाच माणसं बसल्यावर स्प्रिंग दाबले गेले आणि टायर वर मडगार्डला भिडला. शिवाय चाकाची मधली रेषा बाहेर गेल्यामुळे बेअरिंगवरचा ताण वाढला, स्टिअरिंगही खड्ड्यात हिसके देऊ लागलं. हे सगळं कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं.

शेवटी त्या रिम्स नुकसान सोसून विकल्या. आता गाडीला 15 इंची, 6 इंच रुंद, ET43 रिम आहे. बाहेर 14.7 आणि आत 10.7 मिलिमीटरचा फरक. टायर 185/65 R15, व्यास 621.5, मूळच्यापेक्षा 2 मिलिमीटरसुद्धा जास्त नाही. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नाही, हबचं मधलं भोक आणि बोल्टांचं अंतर जुळतं, हे सगळं वहीत लिहून मगच घेतले. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना गाडीत बसवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून तपासलं. आजी पुढे बसली होती.

डनलॉपचं पुढे काय झालं? 1892 मध्ये तो डब्लिनला राहायला गेला. 1895 मध्ये त्याने कंपनी सोडली. 1896 मध्ये डू क्रॉसने सगळा धंदा 30 लाख पौंडांना विकला आणि घेणाऱ्याने तो लगेच 50 लाखांना बाजारात आणला. त्यातून डनलॉपच्या पदरात फारसं पडलं नाही. त्याने डब्लिनमध्ये कापडाच्या धंद्यात पैसे गुंतवले होते. कंपनी जाहिरातींमध्ये त्याचं छानछोकी म्हातारा असं चित्र छापायची, त्याचा त्याला मनस्ताप व्हायचा. 1895 मध्येच फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून दाखवले होते. पुढे सगळं जग त्या चाकांवर धावू लागलं. 23 ऑक्टोबर 1921 रोजी डनलॉप डब्लिनमध्ये वारला. नंतर उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला.

पहिला कोण, थॉमसन की डनलॉप, यावर हॉस्टेलमध्ये आमचा रात्रभर वाद झाला. माझं मत असं की पहिला थॉमसनच, ते मान्य करायलाच हवं. पण डनलॉपने एका पोराचा त्रास पाहून काम सुरू केलं आणि प्रत्येक पायरीवर जुन्याशी ताडून पाहिलं, म्हणून त्याचं चाक रस्त्यावर आलं. साधारण हजार किलोच्या गाडीचा प्रत्येक टायर 250 किलो उचलतो, आणि जमिनीला टेकतो तेवढा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चार तळहातांवर आपलं सगळं घर घाटातून जातं.

तेव्हा मित्रांनो, रिम जरूर देखणी घ्या. पण आधी मोजपट्टी घ्या, आणि जमलं तर आजीची आठवण ठेवा.