तासाभराच्या वाटेवरचे अवकाश

नाशिकहून मुंबईकडे निघालेली मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने न थांबता धावली, तर तासाभरात ती शहापूरच्या आसपास पोहोचेल. (कसारा घाटात हा वेग कोणी ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.) हीच मोटार रस्ता सोडून सरळ वर निघाली तर? तेवढ्याच वेळात ती अवकाशाच्या उंबरठ्यावर असेल. समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर उंचीवर अवकाश सुरू होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे नाशिककरांना मुंबईपेक्षा अवकाश जवळ! १९७९ साली एका इंग्रजी वृत्तपत्रातून ही कल्पना वाचकांपुढे आली. ती मांडणारे होते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर फ्रेड हॉईल.

पुढचा हिशेब मात्र भराभर फुगत जातो. त्याच वेगाने चंद्र गाठायला १६० दिवस लागतील, सूर्यापर्यंत सुमारे १७० वर्षे आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत साडेचार कोटी वर्षे. शिवाय १०० किलोमीटरवर पोहोचलेली मोटार तिथे टिकणार नाही, ती खालीच येईल. पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग हवा.

आकाश सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याची ही हातोटी हॉईल यांना लाभली होती. यॉर्कशायरमधील गिल्स्टेड या खेड्यात २४ जून १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लोकरीच्या व्यापारात होते. लहानपणी शाळा बुडवून भटकणारा हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला. १९४८ साली त्यांनी, तसेच बाँडी आणि गोल्ड यांनी, विश्वाला आरंभ नाही असे सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी बीबीसीवरील भाषणात त्यांनी विरोधी कल्पनेला 'बिग बँग' असे नाव दिले. आपण ज्याला महास्फोट म्हणतो, त्या सिद्धांताचे बारसे असे त्याच्या कट्टर विरोधकाच्या हातून झाले. १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाने पारडे महास्फोटाकडे झुकले, तरी हॉईल अखेरपर्यंत बधले नाहीत.

या हट्टामुळे त्यांचे खरे थोर काम झाकोळले, असे वाटते. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. त्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्रकात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी केवळ तर्काने सांगितले आणि १९५३ च्या सुमारास अमेरिकेतील प्रयोगशाळेत ती खरोखरच सापडली. मूलद्रव्यांच्या निर्मितीवरील १९५७ चा गाजलेला शोधनिबंध चौघांचा होता. १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यांपैकी एकट्या फाउलर यांना, चंद्रशेखर यांच्यासोबत विभागून. हॉईल यांना डावलले गेले, याची चुटपुट अनेक शास्त्रज्ञांना लागून राहिली.

१९७२ साली ते 'सर' झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठातील वादांना कंटाळून त्यांनी केंब्रिज सोडले. डोंगर चढण्याचा नाद मात्र सुटला नाही. १९९७ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, जन्मगावाजवळ भटकताना ते घळीत कोसळले आणि कित्येक तास तिथेच पडून राहिले. २० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

हॉईल विज्ञानकथाही लिहीत. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण केंब्रिजला दाखल झाला आणि पुढे हॉईल यांचा शिष्य बनला. गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला गुरूबरोबर ज्यांचे नाव जोडले गेले आणि ज्यांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, ते हे डॉ. जयंत नारळीकर. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे पुण्याहून नाशिकपर्यंतचा प्रवास त्यांना झेपला नाही.