विश्वासाचे कारागीर : संत जॉन बॉस्को

तरुणांचे मित्र म्हणून संत जॉन बॉस्को आपणां सर्वांना परिचित आहेत. एकत्र काम करणाऱ्या माणसांत विश्वास कसा रुजतो, याचा त्यांनी आयुष्यभर घेतलेला शोध मात्र तितका परिचित नाही. हल्ली कार्यालयांतून या विषयावर शिबिरे भरतात. म्हणून त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहावे असे आम्हांस वाटले.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील तुरीन शहराजवळच्या बेक्की या वाडीत त्यांचा जन्म झाला. वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधीच पित्याचे छत्र हरपले. लहानपणी ते शेतगडी म्हणून राहिले. पुढे शिकता शिकता त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे, कॉफीच्या दुकानात कामे केली. दुसऱ्याच्या हाताखाली राबणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८४१ मध्ये गुरुदीक्षा मिळाल्यावर ते तुरीनला आले. खेड्यांतून आलेली पोरे तेथे गवंड्यांच्या हाताखाली व छोट्या कारखान्यांत राबत होती; काही तुरुंगात पोहोचली होती. रविवारी ही मुले त्यांच्याभोवती जमत. आठवडाभर मात्र फादर स्वतः बांधकामाच्या परांचीपर्यंत आणि कारखान्याच्या दारापर्यंत जात. मुलांना आपली विचारपूस करणारा कोणी आहे हे कळे, आणि मालकालाही.

केवळ सदिच्छेवर त्यांनी विसंबून राहिले नाही, हे आम्हांला विशेष वाटते. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका सुताराशी केलेला उमेदवारीचा करार आजही जतन केलेला आहे. मुद्रांकित कागदावरील या करारात मालकाने मुलाला केवळ त्याच्या धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, मारू नये, सणावारी विश्रांती द्यावी आणि वर्षाला पंधरा दिवस सुटी द्यावी असे ठरले होते. मुलानेही आज्ञाधारकपणे व मन लावून काम करावयाचे होते. फादर स्वतः या करारात सहभागी होते. मारहाण हाच शिकवण्याचा राजमार्ग मानला जाण्याचा तो काळ!

१८५३ पासून त्यांनी वाल्दोक्को येथील आपल्या घरातच चांभारकाम व शिवणकाम सुरू केले; मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. खरी कसोटी येथे लागली. बाहेरचे कारागीर पगारावर ठेवले, तर कामात त्यांचे मन लागेना. कारखान्याची जबाबदारीच त्यांच्यावर सोपवली, तर ते मुलांना घरगड्यासारखे राबवू लागले. व्यवस्था पुन्हापुन्हा बदलून पाहिल्यावर त्यांनी वेगळीच वाट धरली. पौरोहित्याची दीक्षा न घेतलेले व्रतस्थ बंधू हे कुशल कारागीर म्हणून तयार केले. ते मुलांबरोबर राहत, जेवत आणि खेळत. शिकवणाऱ्याचा व शिकणाऱ्याचा स्वार्थ वेगळा उरला नाही, तेव्हा कुठे कारखाने मार्गी लागले.

सहकाऱ्यांवर भार टाकतानाही ते कचरले नाहीत. १८६३ मध्ये मिराबेल्लो येथील नव्या शाळेचे प्रमुखपद त्यांनी अवघ्या सव्वीस वर्षांच्या फादर मिकेले रुआ यांच्याकडे दिले. संस्थेची धुरा पुढे त्यांच्याच खांद्यावर आली.

तरीही मिळवलेला विश्वास टिकतोच असे नाही. काम वाढले, माणसे वाढली. मे १८८४ मध्ये रोमहून त्यांनी सचिवाकरवी वाल्दोक्कोला एक दीर्घ पत्र धाडले. त्यात स्वप्नाच्या रूपाने दोन मैदाने रंगवली आहेत. जुन्या मैदानात वडीलधारे मुलांत मिसळून खेळत आहेत. नव्या मैदानात ते बाजूला आपापसांत बोलत उभे आहेत आणि मुले कोपऱ्यांत संशयाने कुजबुजत आहेत. नियम पूर्वीचेच होते, शिस्तही होती. जवळीक गेली, म्हणून मने मिटली, असे निदान त्यांनी केले. प्रेम असून भागत नाही, ते समोरच्याला जाणवले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. दोष त्यांनी मुलांच्या माथी न मारता आपल्याच सहकाऱ्यांना जाब विचारला. थकलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या संस्थापकाने आपल्याच घराविषयी असे लिहिणे सोपे नसावे.

३१ जानेवारी १८८८ रोजी तुरीन येथे त्यांचे निधन झाले. १९३४ मध्ये त्यांना संतपद बहाल करण्यात आले. त्यांचे सलेशियन मिशनरी १९०६ मध्ये तंजावरला आले. माटुंगा, कुर्ला व लोणावळा येथील डॉन बॉस्को संस्था आपल्या वाचकांना ठाऊक आहेतच.