मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिंकर

२७ जून १९१८ रोजी फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीसाठी गेलेले एक 'डॉल्फिन' विमान तळावर परतले नाही. त्याचे वैमानिक होते मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्णचंद्र वेलिंकर. वय अवघे तेवीस.

१८९४ साली मुंबईत जन्मलेले वेलिंकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकत होते. महायुद्ध पेटले आणि त्यांना विमानविद्येची ओढ लागली. भारतीय तरुणाला अधिकारपदाची सनद देण्यास ब्रिटिश सेना तेव्हा राजी नसे. हरदितसिंग मलिक यांनाही प्रथम नकारच मिळाला होता. १९१७ मध्ये ही दारे किलकिली झाली आणि वेलिंकर, मलिक, इंद्रलाल रॉय व एरल सेन हे चौघे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाले. १ एप्रिल १९१८ रोजी लष्कर व नौदल यांची हवाई दले एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. वेलिंकर या नव्या दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये लढले.

शत्रूइतकीच भीती त्या काळी स्वतःच्या विमानाची असे. राळेगावच्या कापूस बाजारात वावरणाऱ्याला नवल वाटेल, पण विमानाचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे असत आणि त्यावर चटकन पेट घेणारे रोगण फासलेले असे. डॉल्फिनमध्ये तर वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. चौफेर दिसे खरे, परंतु उतरताना विमान पालथे झाले तर जमिनीवर प्रथम आपटणार ते डोकेच. इंजिनाची दातेरी चाके वारंवार दगा देत. हवाई छत्री ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना दिलीच जात नव्हती. पेटलेल्या विमानातून सुटकेचा मार्ग नव्हता, आणि हे ठाऊक असूनही ही मुले रोज उड्डाण करीत.

वेलिंकर जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले व ३० जून रोजी त्यांचे निधन झाले. शत्रूच्या दफ्तरात नाव चुकीचे नोंदले गेल्याने त्यांचा ठावठिकाणा लागण्यास विलंब झाला.

पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, इंद्रलाल रॉय धारातीर्थी पडले. दहा हवाई विजयांमुळे त्यांची कीर्ती झाली. १९९८ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीटही निघाले. त्या मानाने वेलिंकर मागे राहिले, हे मनाला खटकते. आमिआँ शहराजवळील हांगार गावच्या युद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे.