वाकड्या पावलाच्या मुळाशी गेलेला वैद्य

लंडनमधील एका सराईच्या मालकाच्या घरी १८१० साली विल्यम जॉन लिटल यांचा जन्म झाला. बालपणीच पोलिओने त्यांना गाठले आणि डावे पाऊल आत वळून कायमचे वाकडे झाले. शाळेतील मुले त्यांना लंगडे बदक म्हणून हिणवीत. आपल्याच पायावर इलाज शोधायचा, या ध्यासाने ते वैद्यकशास्त्राकडे वळले.

टाचेची आखडलेली कंडरा कापण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १८१६ साली झाला होता. पण जखम चिघळल्यामुळे वैद्यांनी त्याचा धसकाच घेतला. हॅनोव्हरच्या स्ट्रोमायर यांनी मात्र त्वचेला बारीक छेद देऊन आतल्या आत कंडरा कापण्याची युक्ती काढली. लंडनच्या वैद्यांनी परावृत्त केले असतानाही लिटल तेथे गेले आणि जून १८३६ मध्ये त्यांनी स्वतःच्या पायावर सुरी चालवून घेतली. भूल देण्याचा शोध तेव्हा दहा वर्षे दूर होता! पाऊल पुष्कळसे सरळ झाले. ती विद्या शिकून ते मायदेशी परतले आणि १८४० मध्ये लंडनमध्ये अस्थिव्यंगांसाठी खास रुग्णालय त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले.

त्यांचे खरे मोठेपण मात्र पुढच्या कामात आहे. रुग्णालयात येणाऱ्या काही मुलांचे पाय लुळे नव्हते, ताठ होते. मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, गुडघे दुमडलेले, टाचा उचललेल्या. अशा मुलाचे हाड वाढते, पण सतत ताणलेला स्नायू त्या प्रमाणात लांबत नाही; मग सांधे आखडतात, कधीकधी खुबाही निखळतो. दोष पायात नसून मेंदूत आहे, हे लिटल यांनी ओळखले. त्यांनी या मुलांच्या जन्माची माहिती जमवली. अडलेली प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच कोंडलेला श्वास यांच्याशी या ताठरपणाचा संबंध त्यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडला. हा विकार लिटलचा आजार म्हणून ओळखला जाऊ लागला. आज तो सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार मानला जातो.

प्रसूतीवर त्यांनी जरा अधिकच भर दिला, असे आज म्हणावे लागते. फ्रॉइड यांनी १८९७ मध्येच सुचवले, की अवघड प्रसूती हेच कधी गर्भातील आधीच्या बिघाडाचे लक्षण असू शकते.

ते वाचायला लिटल नव्हते. १८९४ साली त्यांचे निधन झाले होते. त्यांचा मुलगा अर्नेस्ट पुढे ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. दुसरा मुलगाही शल्यचिकित्सक झाला; त्याचे नाव वडिलांनी लुई स्ट्रोमायर ठेवले होते.